शीलाविना प्रज्ञा : एका प्रश्नमंजुषेची कथा

सन २००० मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले आणि प्रश्नोत्तरांचा खेळ आपल्या वस्त्यावस्त्यांत पोहोचला. येथे जात विचारली जात नाही, उत्तर विचारले जाते. म्हणून आपल्याला तो जवळचा वाटतो. परंतु हाच खेळ विकणाऱ्यांनी अमेरिकेत एकदा ज्ञानाची कशी विटंबना केली, हे मुलामुलींना सांगितलेच पाहिजे.

जॅक बॅरी आणि डॅन एनराइट ही निर्मात्यांची जोडी. १९५३ मध्ये त्यांनी ‘विंकी डिंक अँड यू’ हा मुलांचा कार्यक्रम आणला. १२ सप्टेंबर १९५६ रोजी एनबीसीवर त्यांचा ‘ट्वेंटी-वन’ सुरू झाला. पहिला भाग प्रामाणिक होता, पण स्पर्धकांना उत्तरेच येईनात. पैसा पुरविणारी टॉनिकची कंपनी संतापली. तेव्हापासून एनराइट निवडक स्पर्धकांना उत्तरे आधीच पढवू लागले.

हर्बर्ट स्टेम्पेल हे माजी सैनिक, सिटी कॉलेजचे विद्यार्थी, मुळात बुद्धिमान. ते गरीब दिसावेत म्हणून त्यांना ढगळ सूट घालायला लावला. पुढे कंपनीला नवा नायक हवा झाला, तेव्हा त्यांना हरण्याचा हुकूम मिळाला. समोर होते चार्ल्स व्हॅन डोरेन. नामवंत साहित्यिक घराण्यातले, कोलंबिया विद्यापीठात शिकविणारे. ज्या कोलंबियात १९१३ ते १९१६ बाबासाहेब शिकले आणि ज्याने १९५२ मध्ये त्यांना सन्मानाची पदवी दिली, तेच हे विद्यापीठ! ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री स्टेम्पेल यांनी ठाऊक असलेले उत्तर ठरल्याप्रमाणे चुकविले. त्या वेळी भारतात ६ डिसेंबर उजाडला होता.

व्हॅन डोरेन यांनी १,२९,००० डॉलर जिंकले, देशभर कौतुक झाले. स्टेम्पेल यांनी खरे सांगितले, पण गरिबाचे कोण ऐकतो? १९५८ मध्ये ‘डॉटो’ या दुसऱ्या कार्यक्रमातील लबाडी उघडी पडली, तेव्हा कुठे त्यांच्या शब्दाला वजन आले. ऑक्टोबरमध्ये ‘ट्वेंटी-वन’ बंद पडला. २ नोव्हेंबर १९५९ रोजी व्हॅन डोरेन यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे कबुली दिली आणि नोकरी गमावली. अशी फसवणूक तोवर गुन्हाच नव्हती. १९६० मध्ये तसा कायदा झाला.

आणि कंपनीचे मालक? काही वर्षे ते बाजूला राहिले. १९७२ मध्ये बॅरी ‘द जोकर्स वाइल्ड’ घेऊन परतले, मागाहून एनराइटही आले आणि धंदा पुन्हा जोरात चालला. स्टेम्पेल मात्र पुढे न्यूयॉर्क शहराच्या वाहतूक खात्यात नोकरी करीत राहिले.

भगवान बुद्धांनी प्रज्ञेबरोबर शील सांगितले. बाबासाहेबांनीही शीलाशिवाय विद्येला मोल दिले नाही. परीक्षेच्या दिवसांत मुलाच्या हाती कोणी ‘फुटलेला पेपर’ देऊ लागला, तर आई-वडिलांनी तो फाडून टाकावा. चार गुण कमी पडले तरी चालतील. पुढच्या वर्षी ते भरून काढता येतात.