ओवी कुठली, प्रत कुठली?

शब्दाचा अर्थ कुणालाही सांगता येतो. तो शब्द त्या अर्थानं खरोखर वापरला गेला, हे दाखवायला मात्र कुणाचं तरी छापील वाक्य लागतं. विक्शनरी या जालावरच्या मुक्त शब्दकोशात कुणीही भर घालू शकतो, त्यामुळे तिथे ही गरज जास्तच. इंग्रजी विक्शनरी २००२च्या डिसेंबरात सुरू झाली. भरपूर छापील साहित्य असलेल्या भाषांसाठी तिचा नियम कडक आहे: शब्दावर शंका आली, तर वर्षाहून अधिक काळात विखुरलेले तीन स्वतंत्र वापर दाखवा, नाहीतर नोंद जाते. ज्या भाषांचं लेखन थोडं, त्यांना एकाही दाखल्यावर सूट मिळते.

अवतरण लावायची रीत ठरलेली आहे. व्याख्येच्या ओळीआधी ‘#’ हे चिन्ह, अवतरणाच्या ओळीआधी ‘#*’ आणि संपादकानं स्वतः रचलेल्या उदाहरणाआधी ‘#:’. हा शेवटचा भेद नवख्यांच्या ध्यानात येत नाही. घरी रचलेलं वाक्य अर्थ उलगडायला छान; पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य. अवतरणात आधी ठळक अक्षरांत वर्ष, मग लेखक, तिरप्या अक्षरांत ग्रंथाचं नाव, प्रकाशक, पृष्ठ; खालच्या ओळीत वाक्य आणि त्यात तो शब्द ठळक. इंग्रजी विक्शनरीत मराठी वाक्य दिलं, तर त्याखाली रोमन लिप्यंतर आणि अनुवादही येतो. हे सगळं एका साच्यात भरायचं असतं. एकाच अर्थाची अवतरणं जुन्याकडून नव्याकडे लावायची. एखाद्यानं शब्द वापरलेला नसून फक्त त्याच्याबद्दल लिहिलेलं असेल, तर ते अवतरण चौकटी कंसात जातं.

ही शिस्त संगणकाच्या फार आधीची. सॅम्युअल जॉन्सननं १७५५च्या कोशात अवतरणांचा ढीग रचला, पण बहुतेक ठिकाणी लेखकाचं नाव तेवढं दिलं, आणि सोयीसाठी वाक्यं छाटली. ती छाटणी त्यानं प्रस्तावनेत मोकळेपणानं कबूल केली आहे. पुढे ऑक्सफर्डच्या कोशासाठी जेम्स मरे यांनी १८७९मध्ये वाचकांना आवाहन केलं: पुस्तकं वाचा, चिठ्ठ्या पाठवा. चिठ्ठीच्या कोपऱ्यात शब्द, मग साल, लेखक, ग्रंथ, पान आणि वाक्य. विक्शनरीचा साचा म्हणजे तीच चिठ्ठी, फक्त पडद्यावर आलेली. १९२८ साली तो कोश पुरा झाला तेव्हा त्यात अठरा लाखांच्या वर अवतरणं होती.

आपल्याकडे दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. त्यात ‘ज्ञा’ म्हणजे ज्ञानेश्वरी, ‘दा’ म्हणजे दासबोध, ‘एभा’ म्हणजे एकनाथी भागवत, आणि पुढे अध्याय-ओवीचे आकडे. जागेची काटकसर म्हणून हे उत्तमच. पण साल नाही. आज हीच नोंद उचलून विक्शनरीत टाकायला बसलं की पहिल्याच रकान्यात अडायला होतं.

ज्ञानेश्वरीसमोर कुठलं वर्ष लिहायचं? रचना शके १२१२ची, म्हणजे इ. स. १२९०. एकनाथांनी पाठ शुद्ध केला तो शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४. राजवाडे यांनी आपली प्रत छापली १९०९ साली. शब्दाचं रूप प्रतीप्रतीत बदलतं, ओवीचा क्रमांकही सरकतो. नुसतं ‘१२९०’ लिहिणं म्हणजे नंतरच्या लेखनिकाचं रूप ज्ञानेश्वरांच्या नावावर खपवणं. ऑक्सफर्डच्या नव्या आवृत्तीत मध्ययुगीन इंग्रजीसाठी यावर चांगला तोडगा काढला आहे: हस्तलिखिताचा काळ आधी, आणि रचनेचा काळ कंसात. माझ्या मते मराठी नोंदींनी हाच मार्ग धरावा. निदान कुठली प्रत हाताशी होती, ते तरी लिहावंच. तुकोबांच्या गाथेला हे अधिकच लागू, कारण अभंगांचे क्रमांक गाथेगणिक वेगळे.

अलीकडच्या पुस्तकांतही खड्डे आहेत. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी आधी ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली, १८९३मध्ये पुस्तकरूपानं. शब्दाचा पहिला वापर शोधायचा तर अंकाची तारीख हवी. शिवाय १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, आणि पुढच्या आवृत्त्यांत जुनी पुस्तकंही गुपचूप नव्या वळणाची झाली. ताज्या आवृत्तीतलं वाक्य घेऊन त्याला १८९३ हे साल चिकटवलं, की त्या सालच्या लेखनाची खोटी साक्ष तयार होते. म्हणून पहिल्या प्रकाशनाचं वर्ष आणि आपण पाहिलेल्या आवृत्तीचं वर्ष, दोन्ही द्यायची. लेखन जसं छापलंय तसंच ठेवायचं. ‘नाहीं’ असेल तर ‘नाहीं’. मधले शब्द गाळले तर कंसातल्या तीन टिंबांनी ते दाखवायचं.

या कामी मराठी विकिस्रोताचा मोठा आधार होतो. तिथे पुस्तकाच्या मूळ पानाचं चित्र आणि टंकलेला मजकूर शेजारीशेजारी पाहता येतो, त्यामुळे अनुस्वारही पडताळता येतो. साने गुरुजी १९५० साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांच्या भारतीय नियमामुळे त्यांची पुस्तकं २०११पासून खुली आहेत. पु. ल. देशपांड्यांचं लेखन तसं खुलं व्हायला २०६० साल संपावं लागेल. तोवर त्यांचं एखादं वाक्य नाव-पानासह दाखल्यापुरतं घ्यायला अडचण नसावी. कवितेत मात्र हात आखडावा लागतो, कारण चार ओळींच्या कवितेतल्या दोन ओळी घेतल्या तरी अर्धी कविता गेली.