सायकलचा खुळखुळा

दिवाळी उलटल्यावर चार दिवस माहेरी, काटेवाडीला गेले होते. बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की दहाएक किलोमीटरवर आमचं गाव. आमची वस्ती मात्र गावापासून आत, चारीच्या कडेनं तीन किलोमीटर. संध्याकाळी ओसरीवर आई लसूण सोलत बसली होती. लांबून खड्खड्, खुळखुळ असा आवाज आला. आईनं मानही वर केली नाही. म्हणाली, "आली तुझी भाची. ठेव चहाचं आधण."

पाच मिनिटांनी भाची अंगणात. सायकल भिंतीला टेकवली आणि आत येऊन उभ्या उभ्या दोन चपात्या चहात बुडवून खाल्ल्या. वहिनी वैतागून म्हणाली, "बघा ना ताई, सकाळी चहा-चपाती खाऊन जाते ती आत्ता येते. डबा म्हणून नेत नाही. आठवीपर्यंत शाळेत खिचडी तरी मिळायची, आता नववीत तेही नाही."

रात्री अंथरुणावर पोरीनं खरं कारण सांगितलं. "आत्या, डबा खडखड वाजतो गं. फाट्यावरची पोरं 'भंगारवाली आली' म्हणतात."

हसू आलं आधी, मग पोटात कालवलं. चौदा वर्षांची पोर आवाजापायी दिवसभर उपाशी राहते! आणि घरात आम्ही तीन बायका त्याच आवाजावर चहाचं आधण ठेवतोय.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सायकल अंगणात मधोमध घेतली. माझ्या लहानपणी गावातले सायकलवाले काका एक युक्ती करायचे, ती आठवली. सायकल रिकामी करायची, मागचं चाक वीतभर उचलायचं आणि सोडून द्यायचं. रिकामी सायकल वाजली तर दोष सायकलचा. गप्प राहिली तर दोष सामानाचा. मग एकेक वस्तू चढवत जायची आणि दरवेळी चाक आपटून ऐकायचं.

आमची तर रिकामीच वाजली. मडगार्डच्या तारेचा नट ढिला, चेनकव्हर एका जागी सुटून पायडलला घासत होतं, कॅरिअरचे दोन्ही बोल्ट हातानं फिरत होते. भावानं पाना आणला. मडगार्डच्या तारेखाली जुन्या ट्यूबमधून कापलेलं रबराचं वायसर घातलं. कॅरिअरच्या नटाखाली मात्र रबर घालू नये बरं का. वजनानं रबर दबतं आणि नट पुन्हा ढिला पडतो. तिथं स्प्रिंगचं लोखंडी वायसरच हवं. एका बोल्टाचे आटे गेले होते, तो बदलावा लागला. एवढं झाल्यावर चाक आपटलं तर नुसता 'धप्प' आवाज आला.

मग दप्तराची पाळी. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, ते दप्तरालाही लागू आहे. वस्तूला हलायला जागा मिळाली आणि शेजारी धातू असला की ती वाजणारच. स्टीलचा डबा, आत चमचा, शेजारी स्टीलची बाटली आणि त्यांना टेकून पत्र्याची कंपासपेटी, म्हणजे वाजंत्रीचा ताफाच की! चमचा बाहेर काढून रुमालात गुंडाळला. डब्याला जुन्या टॉवेलच्या तुकड्याची पिशवी शिवली, वहिनीनं अर्ध्या तासात मशीनवर मारून दिली. कंपासपेटीत रुमालाची घडी कोंबली. डबा आणि बाटली यांच्या मध्ये वह्या लावल्या.

राहिलं बांधणं. कॅरिअरच्या चापात दप्तर अडकवलं की ते एका बाजूला कलतं आणि खड्ड्यागणिक उडतं. सुतळीनं बांधलं तर निघताना घट्ट असतं. पण वाटेत सामान बसतं, सुतळी आहे तेवढीच राहते आणि सगळं सैल होतं. म्हणून ट्यूबची पट्टी. ताणून बांधलेलं रबर सामान बसेल तसं आपणही आवळत जातं. पंक्चरवाल्याकडे फाटक्या ट्यूबा पडलेल्याच असतात. व्हॉल्व्ह कापून टाकायचा आणि ट्यूब लांबीत चिरून दोन पट्ट्या करायच्या. एक पट्टी कॅरिअरच्या गजांना गुंडाळायची, म्हणजे लोखंडाला लोखंड लागत नाही. दुसरीनं दप्तर फुलीसारखं आवळायचं. टोक मात्र लोंबतं ठेवायचं नाही. ते चाकाच्या तारांत गेलं तर चाक जागच्या जागी अडकतं. ओढणीचंही तेच. ती आधी कमरेला बांधा, मग पायडल मारा.

वहिनीची तक्रार वेगळी होती. ती डेअरीला दूध घालायला सायकलनंच जाते, किटली हँडलला अडकवून. कडी वाजते ते सोडा, किटली झुलली की हँडलही झुलतं. चारीच्या कडेनं हे धोक्याचं. यावर तोडगा आईनं काढला. जुन्या लुगड्याची जाड चुंबळ वळून तिनं कॅरिअरवर ठेवली, त्यावर किटली बसवली, वरून ट्यूबची पट्टी आवळली आणि कडीला चिंधी गुंडाळली. डोक्यावरच्या हंड्यासाठी जन्मभर वळलेली चुंबळ, तिला आता कॅरिअर मिळालं! तशी मऊ कापड अंथरायची आमच्या गावाला सवयच आहे. तुकोबांची पालखी काटेवाडीत येते तेव्हा परीट मंडळी धोतराच्या पायघड्या घालतात, मग पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं.

"एवढं काय त्या आवाजाचं!" असं भाऊ म्हणालाच. पण मला पोरांच्या चिडवण्यापेक्षा रस्त्याची जास्त धास्ती वाटत होती. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की भवानीनगरच्या वाटेला उसाचे ट्रॅक्टर लागतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. आता पालखी मार्गाच्या कामानं मोठा रस्ता रुंद झाला, तशा गाड्याही सुसाट झाल्या. सायकलला आरसा नसतो, मागचं कळतं ते कानानं. आणि कानाशीच भांड्यांचं दुकान वाजत असेल तर कळणार कसं? हे बोलल्यावर भाऊ गप्प झाला आणि कुलूप-साखळीही कापडात गुंडाळून आणली.

मुळात सायकल हेच हाडं खिळखिळी करणारं वाहन होतं. 1860च्या दशकातल्या लाकडी चाकांच्या, लोखंडी धावेच्या सायकलला इंग्लंडात 'बोनशेकर' म्हणत. 1888 मध्ये बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसवले, तेव्हा कुठे चाकं मऊ झाली. डनलॉप पेशानं जनावरांचे डॉक्टर, हे आमच्या दूधवाल्या घरात फार आवडलं! त्याच साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, ज्यातून पुढे एवढा उद्योग उभा राहिला. हवेचा विषय निघालाच आहे तर, टच्च हवा भरली की कच्च्या रस्त्यावर सायकल जास्त उडते. अगदी कमी ठेवली तर खड्ड्यात रिम ट्यूबला चावते आणि पंक्चर होतं. अंगठ्यानं दाबल्यावर जरासाच दबेल, इतकी बरी.

बिहारनं 2006 मध्ये नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली, आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळतात. फार चांगलं काम आहे. फक्त सायकल हातात देताना तिच्याबरोबर एक पाना आणि चार वायसरं द्यावीत, आणि ती कशी लावायची ते पोरींना एकदा दाखवावं, असं मला फार वाटतं. मुलग्यांना हे दुकानासमोर उभं राहून आपोआप कळतं. मुलींना दुकानासमोर कोण उभं राहू देतं?

सोमवारी भाची डबा घेऊन गेली. संध्याकाळी पाच वाजले, सव्वापाच झाले. आई दोनदा अंगणात जाऊन आली. "अजून कशी न्हाई आली गं पोरगी?" तिसऱ्यांदा उठली तर सायकल भिंतीला टेकलेली, आणि पोरगी मोरीत डबा घासत बसलेली.

"अगं, आलीस कधी? आवाज न्हाई, काय न्हाई. चहा कोण ठेवणार?"

मंगळवारी चारीच्या वळणावरून दोनदा घंटी वाजली.