पकड हातांची, जोर जमिनीचा

पासष्ट किलोचा कोपरारक्षक ऐंशी किलोच्या चढाईपटूला आडवा करतो, हे घडतं कसं? वरंध घाटाच्या पायथ्याशी, शिवथरच्या खोऱ्यात आणि एकूणच महाड-पोलादपूरकडे कबड्डी पाहणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. मैदान चोपून सपाट केलं, फक्कीच्या रेषा मारल्या की हातांच्या ताकदीचा खेळ सुरू झाला असं वाटतं. प्रत्यक्षात निकाल बराचसा तळपाय आणि माती यांच्यामध्ये लागतो.

चढाईपटू परत फिरताना पायाने माती मागे रेटतो आणि माती त्याला तेवढ्याच जोराने पुढे ढकलते. हा न्यूटनचा तिसरा नियम. पण माती किती जोर देईल याला मर्यादा आहे आणि ती घर्षण ठरवतं. कोरड्या मातीवर शरीराच्या वजनाच्या ६० टक्के आडवा जोर मिळतो असं धरू. म्हणजे ७० किलोच्या खेळाडूला सुमारे ४२ किलो वजनाइतका. दंडात त्याहून अधिक बळ असलं तरी पाय घसरायला लागले की ते वाया जातं.

आता हा गडी सेकंदाला ४ मीटर वेगाने मध्यरेषेकडे निघाला आहे आणि तितक्याच वजनाच्या एकट्या बचावपटूने त्याची कंबर धरली. वजन दुप्पट झालं, त्यामुळे वेग निम्मा, म्हणजे २ मीटरवर आला. एक ४२ किलोच्या जोराने पुढे रेटतोय, दुसरा तेवढ्याच जोराने मागे. जोरांची बरोबरी झाली, पण वेग शून्य झाला नाही. बाहेरचा एकूण जोर शून्य असेल तर असलेला वेग टिकतो, हा पहिला नियम. दोघंही घसरत मध्यरेषेपर्यंत जातात आणि गुण चढाईपटूला मिळतो.

हात धरून साखळी का करतात, ते इथे कळतं. दोघांनी मिळून धरलं तर वेग एक तृतीयांशावर येतो आणि मागे खेचणारा जोर ४२ ऐवजी ८४ होतो. फरक आता बचावाच्या बाजूने पडतो आणि उरलेला वेगही झपाट्याने मरतो. हा दुसरा नियम.

मांडी किंवा कंबर धरून उचललं तर एकटाही पुरतो. पाय अधांतरी असलेल्या चढाईपटूला माती काहीच देत नाही, त्याचे ४२ किलो गेले. शिवाय त्याचं वजन उचलणाऱ्याच्या पायांवर आल्यामुळे त्याचे पाय मातीत अधिक घट्ट रुततात. म्हणूनच प्रशिक्षक चढाईपटूला ‘खाली बस, खाली बस’ म्हणून ओरडत असतात. ताठ उभं असताना गुरुत्वमध्य नाभीच्या किंचित खाली असतो. गुडघे वाकवून, पाय फाकवून तो खाली आणला की खालून हात घालायला जागा राहत नाही आणि तोलही सहज जात नाही.

घोटा पकडीची गोष्ट वेगळी. तिथे वेग मोडायचाच नसतो. घोटा जमिनीशी अडतो, धड मात्र आधीच्या वेगाने पुढे जात राहतं. गुरुत्वमध्य पायांच्या पुढे गेला की माणूस पडतो. वेग त्याचाच, पाडतोही तोच. त्यामुळे हलका कोपरारक्षकही वजनदार गड्याला लोळवतो.

पण तो पडतो पुढेच, म्हणजे मध्यरेषेच्या दिशेने. घोट्यापासून ताणलेल्या बोटांच्या टोकापर्यंत माणूस २ मीटरच्या आसपास भरतो. मध्यरेषेपासून दीड मीटरवर घोटा धरला तर पडता पडता त्याचा हात रेषेला लागतो आणि पकड फुकट जाते. पुरुषांच्या मैदानात निदान रेषा ३.७५ मीटरवर असते. तिच्या पलीकडे धरलेला घोटा सोडला नाही, तर पडलेल्या गड्याला रेषेपर्यंत सरपटायला पावणेदोन मीटर उरतात आणि तेवढ्यात बाकीचे गडी त्याच्यावर येऊन पडतात.