लग्नाचा दाखला आणि संसाराचा दाखला

विश्रांतवाडीपासून लोहगावचा विमानतळ तो किती दूर! परंतु नवरा नोकरीनिमित्त इंग्लंडात आणि नवी सून येथे सासरी, अशी ज्या घराची स्थिती आहे, त्या घराला हे अंतर कधी कधी वर्षभर सरत नाही. व्हिसासाठी अर्ज जातो आणि उत्तर येते की, हे नाते खरे व चालू असल्याची खात्री पटत नाही. शेकडो पाने उठलेल्या लग्नाविषयी कोणी असे लिहावे, याचा वडील मंडळींना संताप येतो. संताप रास्त असेल; अपिलात त्याचा उपयोग नाही.

मुळात प्रश्न काय विचारला आहे, तो नीट पाहिला पाहिजे. आपला कायदा प्रथम विधी पाहतो. भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या लग्नाबद्दलची शिक्षा रद्द केली, कारण त्या लग्नात आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध झाले नव्हते. ब्रिटनमधील अधिकारी लग्न कायदेशीर आहे की नाही हे पाहतोच, पण तेथे थांबत नाही. आज हे दोघे पतिपत्नी म्हणून नांदू इच्छितात काय, हा त्याचा पुढचा प्रश्न.

आपण पहिल्याचे उत्तर ढिगाने देतो. पत्रिका, नोंदणीचा दाखला, जाडजूड आल्बम. आल्बमात मामा पानोपानी असतात. वधूवर दोघेच असे छायाचित्र शोधावे लागते! दुसऱ्याचे उत्तर मात्र कोरे राहते.

याहून कठीण काळ होऊन गेला आहे. १९८० नंतर तेथे असा नियम होता की, लग्न खरे असले तरी त्याचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणे हा नव्हता, हे अर्जदारानेच सिद्ध करावे. नसलेली गोष्ट सिद्ध करावयाची ती कशी? ठरवून केलेल्या लग्नांना, विशेषतः आपल्या उपखंडातील वरांना, हा नियम फार जाचला. १९९७ साली तो रद्द झाला.

आजही सिद्ध करण्याचा भार अर्जदारावरच आहे. मात्र खरे असण्याचा संभव अधिक दिसला म्हणजे पुरते. २०१२ साली तेथील अपर ट्रायब्यूनलने सुदानच्या एका प्रकरणात सांगितले की, टेलिफोनची कार्डेसुद्धा बोलणे होत असल्याच्या कथनाला दुजोरा देऊ शकतात. शिवाय पत्रे लिहिलीच पाहिजेत असे नाही. संशयाला दुसरे कारण नसेल, तर एवढा पुरावाही पुरेसा ठरू शकतो. म्हणून रोजच्या फोनांची नोंद, पाठविलेल्या पैशांच्या पावत्या, भेटीला आल्याची तिकिटे व पासपोर्टावरील शिक्के, सणावारी दोघांनी एकत्र काढलेली छायाचित्रे, हे तारीखवार लावून ठेवावे. संभाषणाची हजार पाने मात्र देऊ नयेत. ती कोणी वाचत नाही. दर महिन्याची थोडी, भाषांतरासह, बरी.

ब्रिटनबाहेरून अपील करण्यास निर्णय हाती आल्यापासून २८ दिवस मिळतात. नकारपत्रातील प्रत्येक कारण घेऊन त्याचे उत्तर व त्याचा कागद द्यावा. नकारानंतरचा पुरावाही नात्यावर प्रकाश टाकीत असेल तर ट्रायब्यूनल पाहू शकते.

साक्ष सामान्यतः तिकडे असलेल्या जोडीदाराची होते. इकडच्याचे म्हणणे लेखी जाते. येथे एक धोका आहे. घरची मंडळी दोघांकडून एकच उत्तर घोकून घेतात. साखरपुड्याला कोण आले होते, हे नवऱ्याला आठवत नसेल तर त्याने तसेच सांगावे. बायकोच्या निवेदनातही ते तसेच राहू द्यावे, कोणा काकांनी ते सुधारू नये.