जेटला जमीन पुरेना

१५ जुलै १९५३ रोजी बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट विमान मुंबईत सांताक्रूझला उतरायचं होतं. ते उतरलं जुहूला. दोन्ही विमानतळांत जेमतेम तीन-चार किलोमीटरचं अंतर, दोन्हीकडच्या धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम, आणि समुद्राकडून येणाऱ्याला आधी दिसतं ते जुहू. चूक कशी झाली असेल हे समजायला फार डोकं खाजवावं लागत नाही. विमान धड राहिलं. पण जगातलं पहिलं प्रवासी जेट, त्या काळातला वेगाचा चमत्कार, नऊ दिवस तिथेच बसून होतं. आत येता आलं, बाहेर पडता येईना.

याच जुहूवर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाची पोती घेऊन एका इंजिनाच्या पस मॉथ विमानाने उतरले होते. तेव्हा तिथे सुकलेल्या चिखलाचं मैदान होतं आणि पस मॉथला तेवढं भरपूर होतं. पुढे डांबरी पट्टी आली. आज तिची लांबी १,१४३ मीटर आहे. पंख्याच्या विमानांची एक पिढी असल्याच पट्ट्यांवर वाढली. जेट आलं आणि एका रात्रीत या पट्ट्या तोकड्या झाल्या. जेटयुगाच्या गोष्टी आपल्याकडे नेहमी वेगाच्या आणि उंचीच्या सांगतात. माझ्या मते त्या युगाची खरी ओढाताण जमिनीवरच झाली: पट्टी किती लांब, हवा किती गरम, विमान किती जड. कुठल्या कंपनीने कुठलं विमान घ्यायचं, हे याच तीन प्रश्नांनी ठरवलं.

आधी पंखाचं पाहू. विमान वर उचललं जातं ते पंखावरून वाहणाऱ्या हवेमुळे, आणि हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ९०० किलोमीटरने उडायचं तर पंख पातळ आणि मागे ओढलेला हवा. बोइंग ७०७ चा पंख ३५ अंशांनी मागे वळलेला होता. असा पंख वरच्या विरळ हवेत सुरेख काम करतो, पण हळू चालताना आळशी असतो. ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे गेल्याशिवाय तो जमीन सोडायचं नाव घेत नाही.

दुसरी अडचण इंजिनाची. तोंडाने फुंकर मारून वारा घालणं आणि टेबलपंख्याने वारा घालणं यांत जो फरक, तोच सुरुवातीच्या जेट इंजिनात आणि प्रोपेलरमध्ये. प्रोपेलर पुष्कळ हवा सावकाश मागे ढकलतो. जेट थोडीच हवा प्रचंड वेगाने मागे फेकतं. विमान आकाशात भरधाव असलं की हा झोत परवडतो. धावपट्टीच्या टोकाशी उभं असताना मात्र बहुतेक ऊर्जा हवा घुसळण्यातच वाया जाते आणि विमानाच्या वाट्याला त्या मानाने कमी रेटा येतो. कॉमेटच्या घोस्ट इंजिनांपैकी प्रत्येकाचा रेटा होता सुमारे ५,००० पौंड. चार इंजिनं मिळून २०,०००. आजच्या मध्यम विमानाचं एकच इंजिन याहून जास्त जोर लावतं.

आता थोडं गणित. घर्षण वगैरे बाजूला ठेवू. विमान जितकं जड तितका उड्डाणाचा वेग जास्त, आणि तो वेग गाठायला लागणारी धावही जास्त, कारण जड वस्तू वेग सावकाश घेते. दोन्ही परिणाम एकमेकांना गुणले जातात. म्हणजे वजन दुप्पट झालं तर पट्टी चौपट लागते. उलट वजन निम्मं केलं तर पाव पट्टी पुरते. जुहूच्या कोड्याचं उत्तर इथेच आहे. पूर्ण भरलेलं पहिल्या पिढीचं कॉमेट सुमारे ४८ टनांचं, आणि त्यातले जवळपास २२ टन नुसतं रॉकेल. प्रवासी, सामान आणि बहुतेक इंधन काढलं की उरतं निम्म्याहून थोडं अधिक वजन, आणि धाव येते एकतृतीयांशावर. जवळच्या मोठ्या विमानतळापर्यंत जायला इंधन लागणार तरी किती! जुहू रिकाम्या कॉमेटला पुरत होतं. भरलेल्या कॉमेटला ते कधीच पुरलं नसतं.

हे गणित कागदावरचं नव्हतं, याचा दाखला चारच महिने आधी कराचीत मिळाला होता. ३ मार्च १९५३ रोजी कॅनेडियन पॅसिफिकचं नवंकोरं कॉमेट तिथून निघालं. धावताना नाक गरजेपेक्षा जास्त उचललं गेलं. पातळ पंखावरची हवा सुटली, विमान उठेना आणि वेगही घेईना. पट्टी संपली. विमानातले अकराही जण गेले. प्रवासी जेटचा हा जगातला पहिला प्राणघातक अपघात. रोममध्येही आदल्या ऑक्टोबरात असंच घडलं होतं, तिथे सगळे वाचले. दोन्ही वेळा दोष आधी वैमानिकाच्या माथी मारला गेला आणि नंतर गुपचूप पंखाची पुढची कड बदलण्यात आली. विमानविद्येच्या इतिहासात ही पद्धत बरीच जुनी आहे.

कॉमेटची पुढची कहाणी बहुतेकांना माहीत असते. मे १९५३ मध्ये कोलकात्याहून निघालेलं एक वादळात मोडलं, ४३ जण गेले. १९५४ मध्ये एल्बा आणि नेपल्सजवळ आणखी दोन हवेतच फुटली. इंग्लंडमध्ये फार्नबरोला सबंध विमानाचा सांगाडा पाण्याच्या टाकीत घालून पुन्हा पुन्हा दाब दिला, तेव्हा कळलं की चढ-उताराच्या दाबाने कातडीचा धातू थकतो आणि खिडक्या-झरोक्यांच्या कोपऱ्यांतून चिरत जातो. एअर इंडिया इंटरनॅशनलने याच विमानाची मोठी आवृत्ती असलेली दोन कॉमेट-३ मागवली होती. ती कधी आलीच नाहीत. कंपनी आणखी काही वर्षं पंख्याच्या सुपर कॉन्स्टेलेशनवर राहिली. माझ्या मते हे एका परीने पथ्यावरच पडलं.

कारण पुढे घेतलं ते बोइंग ७०७-४३७. यातला ३७ हा बोइंगने एअर इंडियाला दिलेला ग्राहक क्रमांक. नंतर आलेल्या जंबोच्या ७४७-२३७ या नावातही तोच आहे. सुरुवातीचा ४ मात्र इंजिन सांगतो. बहुतेक अमेरिकी कंपन्यांनी प्रॅट अँड व्हिटनीची इंजिनं घेतली असताना एअर इंडिया, बीओएसी, लुफ्थान्सा अशा मोजक्या मंडळींनी रोल्स रॉइसचं कॉनवे निवडलं. हे प्रवासी सेवेत आलेलं जगातलं पहिलं बायपास इंजिन. आत शिरलेली सगळी हवा ज्वलनकक्षातून न नेता काही हवा बाजूने मागे ढकलायची, ही त्यातली कल्पना. पुन्हा पंख्याचंच तत्त्व: जास्त हवा, कमी वेग, कमी वाया. कॉनवेत बाजूने जाणारी हवा गाभ्यातल्या हवेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतकी होती. आजच्या नव्या इंजिनांत ती दहा-बारा पट असते. पण सुरुवात तिथे झाली.

ब्रिटिश तपासनीसांनी या विमानात एक खोट काढली. एका बाजूचं इंजिन बंद पडलं तर शेपटीचा पडदा विमान सरळ ठेवायला अपुरा पडतो, तो उंच करा, असं त्यांनी बोइंगला बजावलं. बोइंगने कुरकुर न करता केलं असं नाही, पण केलं. आणि मग ती सुधारणा बाकीच्या ७०७ विमानांनाही आली. एअर इंडियाचं पहिलं बोइंग फेब्रुवारी १९६० मध्ये आलं, मे महिन्यात सेवा न्यूयॉर्कपर्यंत गेली. जून १९६२ मध्ये आपला सगळा ताफा जेटचा झाल्याचं कंपनीने जाहीर केलं. जगात असं करणारी ती पहिली. उरलेली सुपर कॉन्स्टेलेशन्स हवाई दलाकडे गेली आणि पुण्यात लोहगावला त्यांनी पुढे बरीच वर्षं काढली. बोइंगांना हिमशिखरांची नावं होती. त्यातलंच 'कांचनजंगा' २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लांवर आदळलं आणि डॉ. होमी भाभा त्यात गेले.

भरलेलं ७०७ सुमारे १४० टनांचं, म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशनच्या दुपटीहून जास्त. त्याला सुमारे तीन किलोमीटर पट्टी हवी. आणि हा आकडा थंड देशातला. विमानांची कोष्टकं समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस धरून मांडतात. आता सुरतेतल्या बमरोलीचा मे महिना घ्या. मागांच्या शेडमधून दुपारी बाहेर आलेल्या खानदेशी कारागिराला ४० अंश म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. १५ अंशांवरून ४० वर गेलं की हवा आठ टक्क्यांनी विरळ होते. विरळ हवेत पंखाला उचल कमी, म्हणून वेग जास्त हवा. इंजिनातही हवेचं वस्तुमान कमी शिरतं, म्हणून रेटा कमी. पुन्हा दुहेरी मार. हिशेब केला तर धाव साधारण अठरा टक्क्यांनी लांबते. तीन किलोमीटरची होते साडेतीन. पट्टी तेवढी नसेल तर वजन उतरवायचं, म्हणजे एक तर प्रवासी खाली ठेवायचे किंवा इंधन कमी भरून वाटेत कुठेतरी उतरायचं. युरोपकडे जाणारी विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर का निघतात? सकाळी तिकडे पोचण्याची सोय हे एक कारण. रात्रीची गार हवा हे दुसरं, आणि जुन्या जेटच्या काळात ते जास्त वजनदार होतं.

उन्हाळा झाला की पाऊस. जेटच्या टायरमध्ये मोटारीच्या टायरच्या पाच-सहा पट दाब असतो. साठच्या दशकात नासाच्या संशोधकांनी दाखवलं की साचलेल्या पाण्यावर एका वेगाच्या पुढे टायर जमिनीला टेकतच नाही, पाण्यावर तरंगत घसरतो, आणि हा वेग टायरमधल्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो. ७०७ साठी तो ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास येतो. विमान टेकतं त्याहून जास्त वेगाने. म्हणजे टेकल्यावरच्या पहिल्या काही क्षणांत, ब्रेक सर्वांत जास्त हवा असतो तेव्हाच, तो नावापुरता असतो. धावपट्टीवर आडवे बारीक चर पाडतात ते पाणी निघून जावं म्हणून.

जुहूने १९५३ मध्येच धडा दिला होता, पण सगळ्यांनी तो घेतला नाही. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-८ पुन्हा सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. या वेळी विमान जास्त जड होतं. ते पट्टी संपवून पुढे गेलं. जीव कुणाचा गेला नाही, विमान मात्र भंगारात गेलं.

देशांतर्गत सेवेत इंडियन एअरलाइन्सने १९६४ मध्ये फ्रेंच जेट कॅराव्हेल आणली तेव्हा ती मोजक्या मोठ्या शहरांमध्येच फिरली. बाकीच्या गावांना पंख्याची विमानं: फोकर फ्रेंडशिप आणि कानपूरला बनणारं एव्ह्रो. यात पंक्तिप्रपंच नव्हता. ताफ्याचा नकाशा हा पट्ट्यांच्या लांबीचा नकाशा होता. जेट कुठे जाणार हे गावाच्या पैशावर ठरत नव्हतं, नाहीतर सुरतेसारख्या कापडाच्या बाजारपेठेला ते केव्हाच मिळालं असतं.

सुरतेची पट्टी पुढे २,२५० मीटरवरून २,९०५ मीटर झाली. ६५५ मीटर म्हणजे काय मिळालं? वरचाच नियम उलटा लावला तर लांबी २९ टक्क्यांनी वाढली की वजन तेरा-चौदा टक्के जास्त नेता येतं. सत्तर टनांच्या विमानाला ते नऊ टन पडतात, म्हणजे तीनेक तासांचं इंधन. २०१९ पासून सुरतेहून शारजाला विमान जाऊ लागलं, बमरोलीचा माणूस मुंबई न गाठता आखातात पोचू लागला. पण उतरण्याचं गणित वेगळं असतं. सुरतेतल्या वेसूच्या बाजूला विमानाच्या वाटेत उंच इमारती उभ्या राहिल्या, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि त्या अंगाने येणाऱ्या विमानाला पट्टीचा सुरुवातीचा भाग सोडून पुढे टेकावं लागलं. इकडे सरकारने वाढवलेले मीटर तिकडे बिल्डरांनी कापून घेतले.