पेंग्विनच्या आधी शेकरू

तीन-चार वर्षांच्या मुलांना पेंग्विन, जिराफ ओळखता येतात. आपल्या राज्याचा प्राणी मात्र माहीत नसतो. म्हणून सुरुवात शेकरूपासून करा. भीमाशंकरच्या जंगलातली ही मोठी खार जमिनीवर क्वचितच उतरते. एका झाडावरून दुसऱ्यावर ती जवळपास २० फुटांची झेप घेते. गच्चीवर खडूने तेवढं अंतर आखा आणि मुलाला उडी मारायला सांगा. मध्ये झाडं तोडली तर शेकरू पलीकडे जाणार कशी, हे मग त्यालाच विचारा. काटक्या-पानांचं घरटंही करू द्या. शेकरू अशी अनेक घरटी बांधते, उंचावरच्या बारीक फांद्यांत, जिथं जड शिकारी पोचत नाही. आणि पुस्तकातल्या चित्रात वाघ-सिंह शेजारी असतील, तर जरूर सांगा: वाघ ताडोबात, सिंह गुजरातेतल्या गीरमध्ये.