गिगाहर्ट्‌झच्या शर्यतीची सहा वर्षे

६ मार्च २००० रोजी एएमडीने १ गिगाहर्ट्‌झचा ॲथलॉन जाहीर केला. दोनच दिवसांनी इंटेलने त्याच वेगाचा पेंटियम थ्री पुढे केला. फरक दोन दिवसांचा, पण इंटेलच्या तो जिव्हारी लागला. एके काळी इंटेलच्याच रचनेचे प्रोसेसर परवान्यावर बनवणारी कंपनी हा टप्पा आधी गाठून मोकळी झाली होती.

या चुरशीत पुण्याचाही एक धागा आहे. पेंटियमच्या कामाचे नेतृत्व करणारे विनोद धाम जन्माने पुण्याचे. १९९५ मध्ये इंटेल सोडून ते नेक्सजेनमध्ये गेले. ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि तिच्या रचनेतून १९९७ चा के-६ आला. ॲथलॉन मात्र नव्याने घडवलेला होता. त्याची धुरा डर्क मेयर यांच्याकडे होती.

घाईचा फटका इंटेलला लगेच बसला. जुलैअखेर आणलेला १.१३ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम थ्री लिनक्सचे कर्नेल कंपाइल करताना मध्येच कोलमडायचा. थॉमस पाब्स्ट यांच्यासारख्या परीक्षकांनी हे दाखवून दिले आणि महिनाभरात ती चिप परत मागवावी लागली.

तरी इंटेल आकड्यामागेच धावत राहिली. नोव्हेंबर २००० च्या पेंटियम फोरमध्ये पाइपलाइन, म्हणजे प्रत्येक सूचना पार पाडणारी साखळी, २० टप्प्यांची केली. टप्पा जितका छोटा, तितके घड्याळ वेगाने चालवता येते. पण प्रोग्रॅम पुढे कोणत्या वाटेने जाईल याचा प्रोसेसरचा अंदाज चुकला, की अर्धवट झालेले काम टाकून पुन्हा सुरुवात. त्यामुळे १.५ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम फोर काही कामांत १ गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम थ्रीच्याही मागे पडायचा. गिऱ्हाईक मात्र डब्यावरचा आकडा बघूनच पैसे मोजायचे. शेवटी ऑक्टोबर २००१ मध्ये एएमडीने १.५३ गिगाहर्ट्‌झच्या ॲथलॉन एक्सपीला ‘१८००+’ असे नाव दिले. एएमडीची तक्रार रास्त होती, पण एका आकड्याला दुसऱ्या आकड्याने उत्तर देण्यात ग्राहकाचे हित नव्हते, असे मला आजही वाटते.

ज्यांनी त्या काळात स्वतः मशीन जोडली, त्यांना ॲथलॉनची धास्ती आठवत असेल. चिपवर धातूचे झाकण नव्हते. कूलरची क्लिप स्क्रूड्रायव्हरने दाबताना जरा तिरका जोर पडला आणि उघड्या सिलिकॉनचा कोपरा उडाला, की प्रोसेसर कामातून गेलाच म्हणून समजा.

एएमडीची खरी झेप २००३ ची. इंटेलने ६४ बिटसाठी इटेनियमवर भिस्त ठेवली होती. जुनी सॉफ्टवेअर त्यावर रखडत चालायची. एप्रिलमधल्या ऑप्टेरॉनने आणि सप्टेंबरमधल्या ॲथलॉन ६४ ने जुने ३२ बिटचे सगळे चालू ठेवून नव्या सूचनांतून ६४ बिटची सोय दिली. माझ्या लेखी या साऱ्या काळातला सर्वांत शहाणा निर्णय तोच. वर्षभरात इंटेलनेही त्या सूचना स्वीकारल्या.

फेब्रुवारी २००४ मध्ये आलेल्या पेंटियम फोरच्या प्रेस्कॉट आवृत्तीत पाइपलाइन ३१ टप्प्यांवर गेली आणि उष्णता आवरेनाशी झाली. ऑक्टोबरात ४ गिगाहर्ट्‌झची चिप रद्द झाली. मुख्याधिकारी क्रेग बॅरेट यांनी भर परिषदेत गुडघ्यांवर बसून त्याबद्दल माफी मागितली.

इंटेलला वाट सापडली ती लॅपटॉपच्या पेंटियम एममधून. इस्रायलमधल्या हैफाच्या अभियंत्यांनी तो आखताना कमी विजेवर भर दिला होता. त्याच धाटणीचा कोअर २ ड्युओ जुलै २००६ मध्ये आला. २.४ गिगाहर्ट्‌झचा हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम फोरला सहज मागे टाकत होता आणि वीजही बरीच कमी खात होता. एएमडीला ॲथलॉन ६४ एक्स२ च्या किमती त्याच महिन्यात झपाट्याने उतरवाव्या लागल्या. तिला नमवणारा हा कोअर २ ६४ बिटचे काम करत होता, ते एएमडीने आखून दिलेल्या सूचनांवरच.